पटवाऱ्याचा खण

गिरदावरकाकांना बातमी सांगायची म्हणजे जिवावर यायचं. गल्लीत कुणाकडे काय झालं ते आपण मोठ्या उत्साहाने सांगायला जावं, आणि त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून विचारावं, "तू मौक्यावर होती का?" जागेवर नव्हते म्हटलं की बातमी तिथेच खारीज. महसूल खात्यात गिरदावर म्हणून त्यांची उभी हयात गेली. पटवाऱ्याने कागदावर जे लिहिलं ते खरं की खोटं, हे शेतात जाऊन डोळ्यांनी पाहायचं, हे त्यांचं काम. नोकरी संपली, काम काही संपलं नाही. दूधवाला पाणी घालतो अशी माझ्या सासूबाईंची तक्रार होती. काका पहाटे उठून थेट त्याच्या गोठ्यावर जाऊन बसले आणि परत येऊन म्हणाले, "तो पाणी नाई घालून राह्यला. म्हशीले ढेप भेटून नाई राह्यली, दूध पातळ येनारच." मग त्या दूधवाल्याला घेऊन ढेपेच्या, म्हणजे पेंडीच्या, दुकानातही तेच गेले.

मी नांदेडची. लग्न करून आदिलाबादला आले आणि बँकेतली बदलीही इथेच करून घेतली. आमची आणि काकांची कंपाउंडची भिंत एकच. बँकेत काम करणारी बाई माणसांवर सहजी विश्वास टाकत नाही, त्यामुळे सुरुवातीला मला हा माणूस फार आगाऊ वाटला. पांढरा पूर्ण बाह्यांचा शर्ट, गळ्याचं बटणसुद्धा लावलेलं, खिशात पेनाच्या जागी स्टीलचा मोजपट्टा. आमचं गेट त्यांच्या बाजूला किती उघडतं हेही त्यांनी मी आल्याच्या पहिल्याच आठवड्यात मोजून ठेवलं होतं. पुढे कळलं की ते मोजणं आमच्याच सोयीचं होतं. स्कूटर सरळ आत यावी म्हणून स्वतःच्या तुळशीचा कट्टा हलवायला ते तयार झाले होते.

सुशीलाकाकू त्यांच्या अगदी उलट. बुटक्या, हळू बोलणाऱ्या. काकांसमोर एका वेळी दोन वाक्यांपेक्षा जास्त बोलल्याचं मी ऐकलेलं नव्हतं. पण ती दोन वाक्यं काका निमूट ऐकून घेत, हेही माझ्या लवकरच लक्षात आलं.

आणि तिसरा पटवारी. पटवारी हा कुत्रा.

तो कसा आला ही गोष्ट काका आल्यागेल्याला सांगत. भीमपूरकडे दोन सख्ख्या भावांचं बांधावरून भांडण होतं. मोजणी करायची तर साखळी कोणी धरायची यावरून पुन्हा भांडण, कारण साखळी धरणारा ती ढिली सोडून चार बोटं जमीन सहज खातो. काकांची यावर एक रीत होती. ते दोन्ही टोकं दोन्ही भांडणाऱ्यांच्याच हातात देत आणि निम्मा बांध झाला की टोकं बदलायला लावत. ज्याने आधी ढिली धरली, त्याला तेवढंच नुकसान आता आपल्या बाजूला दिसे. त्या दिवशी संध्याकाळी मोजणी संपली, भाऊ मुकाट घरी गेले, आणि साखळीच्या मागे मागे सगळा बांध चाललेलं एक तांबूस पिल्लू जीपपाशी येऊन बसलं. "हद्दीवरून पाय नाई ढळला त्याचा," काका म्हणायचे. "मी म्हटलं, असा पटवारी मले साऱ्या नोकरीत नाई भेटला. चला साहेब."

तेव्हापासून काका कुत्र्याशी अहोजाहो बोलत. "पटवारी, चलता का? पटवारी, तिकडं नका जाऊ, चिखल हाये." काकूंना मात्र अगं-तुगं. एकदा काकू मला म्हणाल्या, "मले बी सरकारी नोकरी करा लागत होती, म्हंजे मान भेटला असता." काका पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं.

घर कडक शाकाहारी. अंडंसुद्धा गल्लीच्या त्या टोकाकडून जायचं. पटवारी त्याच घरात वाढला, सकाळी दूधभाकरी आणि रात्री लसणाची फोडणी दिलेलं वरण आणि भात. एकादशीला भगर. चातुर्मासात लसूण बंद. काकांना याचा केवढा अभिमान. पाहुण्यांपुढे ते पटवाऱ्याला दाखवत म्हणायचे, "एका बी एकादशीले यानं अन्नाले तोंड नाई लावलं." तोंड लावायला त्याला अन्न दिलं कोणी होतं, हे विचारायचं माझ्या जिभेवर यायचं. पण गल्लीतल्या नव्या सुनेने किती बोलायचं याची मीही हद्द पाळून होते.

तरुणपणी हे सगळं त्याने पचवलं. घरचं वरण-भाकर खाऊन कमी पडलेलं तो गल्लीत कुठे कुठे मिळवत असणार, त्याचा पंचनामा कोणी केला नव्हता. पण तेरा-चौदा वर्षांचा झाला तसा तो गल्लीत फिरेना. दात पडले. भाकरी हुंगून बाजूला व्हायचा. पाठीचे मणके वरून मोजता यावेत इतका वाळला, मागचे पाय थरथरू लागले. काकू भाकरी दुधात कुस्करून, कालवून, वर तुपाची धार सोडून त्याच्यापुढे ठेवायच्या. तो काकूंचा मान ठेवायला एकदा जीभ लावायचा आणि मान फिरवायचा.

शेवटी काकांनी त्याला सरकारी जनावरांच्या दवाखान्यात न्यायचं ठरवलं. रिक्षात त्याला धरायला म्हणून मी सोबत गेले. तिथे एक तरुण डॉक्टरीणबाई होती, तेलुगू बोलणारी, आमच्याशी हिंदीत बोलायची. तिने दात पाहिले, मांड्या दाबून पाहिल्या, रक्त काढलं. रक्ताचा अहवाल आल्यावर पुन्हा बोलावलं. मूत्रपिंडं ठीक होती, लिव्हर ठीक होतं.

"खाने में क्या देते, अंकल?"

काकांनी ताठ बसून सगळा आहार सांगितला, एकादशीसकट. लसणाशी आल्यावर बाईने पेन खाली ठेवलं.

"लहसुन? रोज?"

"रोज नहीं. चातुर्मास में बंद रहता," काका म्हणाले.

बाई माझ्याकडे पाहायला लागली. मी छताकडे पाहायला लागले.

मग तिने समजावून सांगितलं. कांदा-लसूण कुत्र्याचं रक्त बिघडवतो, तो आजपासून बंद. याला आजार नाही, याची उपासमार झाली आहे. म्हातारपणी अंगावरचं मांस झडतं, ते टिकवायचं तर चांगलं प्रोटीन लागतं, आणि दात नाहीत तर ते मऊ लागतं. म्हाताऱ्या कुत्र्यांसाठी डब्यातलं तयार अन्न मिळतं, कोंबडीचं, ते द्या. पातळसर असतं, त्यामुळे पाणीही पोटात जातं. थोडं कोमट केलं की वास येतो आणि वासाने भूक लागते. एकदम नाही, आधी भातात चमचाभर, मग वाढवत न्या.

"शाकाहारी में नहीं आता क्या?" काकांनी विचारलं.

"अंकल, ये कुत्ता है, पुजारी नहीं."

हे वाक्य काकांना लागलं. परतताना रिक्षात पटवाऱ्याचं डोकं त्यांच्या मांडीवर होतं आणि ते त्याच्या पाठीवरून हात फिरवत होते. प्रत्येक मणक्याशी हात थोडा थांबत होता. घर आल्यावर म्हणाले, "सुनबाई, मी मौक्यावरच होतो. इतके वर्सं रोज मौक्यावर होतो. मले दिसलं काऊन नाई?" मला त्यांचं फार वाईट वाटलं. मी म्हटलं, "काका, आता दिसलं ना."

बसस्टँडजवळच्या जनावरांच्या औषधांच्या दुकानातून डबे मागवले. डब्यावर सोनेरी केसांचं एक गुबगुबीत कुत्रं जीभ काढून हसत होतं. काकांनी ते भिंग लावून पाहिलं. "हे कुत्रं आपल्या इकडचं नाई. यानं आपला उन्हाळा पाह्यला नाई," असा शेरा मारून त्यांनी लेबलावरचा शब्दन् शब्द माझ्याकडून वाचून घेतला. जमिनीचा उतारा तपासावा तसा. माशाचं तेल कशाला, फॉस्फरस कमी कशाला, मीठ किती.

"ग्लुकोसामीन म्हंजे काय?"

"सांध्यांसाठी असतं, काका. म्हातारपणी गुडघे धरतात त्यावर."

"मंग हे मले बी चालन," काका म्हणाले. काकूंनी आतून विचारलं, "वाढू का?"

खरा पेच डब्याचा नव्हता, उरलेल्या डब्याचा होता. उघडलेला डबा एका वेळी संपत नाही. तो झाकून फ्रिजमध्ये ठेवावा लागतो आणि दोन-तीन दिवसांत संपवावा लागतो. काकांच्या फ्रिजमध्ये देवाचं दूध, लोणी, नैवेद्याचे पेढे. या घरात मांस येणार नाही असा शब्द त्यांनी आपल्या आईला, ती जाताना, दिला होता. हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. तेव्हा उरलेला डबा आमच्या फ्रिजमध्ये आला. आम्ही खाणारे, आम्हाला अडचण नव्हती.

मग रोजचा सोहळा सुरू झाला. कंपाउंडच्या भिंतीपलीकडे काका रुमाल नाकाला लावून उभे. अलीकडे मी चमच्याने वाटीत काढणार. काकू आतून गरम पाण्याचं पातेलं आणणार, मी त्यात वाटी धरणार. पहिल्या दिवशी पटवाऱ्याने वाटी हुंगली, माझ्याकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं. "मंजूर हाये, पटवारी. घ्या," काका रुमालातून म्हणाले. त्याने वाटी चाटूनपुसून लख्ख केली आणि रिकामी वाटी नाकाने ढकलत अंगणभर फिरवली. काकू पदराने डोळे पुसत हसत होत्या. आषाढभर हे चाललं. पटवाऱ्याच्या कातडीला चकाकी आली, सकाळी तो गल्लीच्या नाक्यापर्यंत स्वतःच्या पायांनी जाऊ लागला.

आखाडीचा सण झाला आणि श्रावण लागला.

श्रावणात आमच्याही घरी काही चालत नाही. सासूबाईंनी फ्रिज धुऊन काढला. डब्याबद्दल त्या काही बोलायच्या आत काकाच भिंतीशी आले आणि म्हणाले, "सुनबाई, तुमच्या घरचा श्रावण माह्यामुळं मोडाले नको. पोळ्यापर्यंत डबा तहकूब."

"काका, पण डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या..."

"महिन्याचा त प्रश्न हाये. साऱ्या गल्लीचा श्रावण असते, त्यायचा बी असू द्या."

डब्यांचं खोकं आमच्या जिन्याखाली गेलं. पटवाऱ्याला मूगडाळीची बिनलसणाची खिचडी, दहीभात, पनीर. काकूंनी काही करायचं ठेवलं नाही. पण एकदा डब्याची चव लागलेला जीव, तो खिचडीकडे पाहीना. नुसतं दूध दिलं तर आता पोट बिघडलं. आठवड्याभरात पुन्हा बरगड्या दिसू लागल्या. नाक्यापर्यंतचा फेरा गेटपर्यंत आला, मग पायरीपर्यंत.

दुसऱ्या श्रावण सोमवारी मी बँकेतून परत आले, तर पटवारी अंगणात पडलेला होता. पुढचे पाय रोवून तो उठायचा, मागचा भाग उठायचाच नाही. काका त्याच्या पोटाखालून पंचा घालून त्याला उचलत होते. उभा केला की तो दोन्ही बाजूंना झुलायचा आणि बसायचा. पुन्हा पंचा, पुन्हा तेच. काकांचा स्वतःचा सोमवारचा उपास होता. सत्तरी उलटलेला माणूस, उपाशीपोटी, घामाने शर्ट पाठीला चिकटलेला. मी गेटातून आत गेले आणि दुसरं टोक धरलं.

दिवेलागणीला काकूंनी उपास सोडायचं ताट वाढलं आणि दारात आल्या. "जेवून घ्या."

"भूक नाई."

"तो उठला नाई म्हून?"

काका पायरीवर बसले होते. पंचा पिळत म्हणाले, "मायले शब्द देल्ला होता मी."

"आत्याबाईनं शब्द कोनाकडून घेतला?" सासूला काकू आत्याबाई म्हणत.

"माह्याकडून."

"मंग तुमी पाळा. त्या मुक्या जनावरानं कोनालेच शब्द नाई देल्ला." काकूंची दोन वाक्यं झाली होती. मला वाटलं आता त्या आत जातील. त्या गेल्या नाहीत. "इतके वर्सं आपन आपला धरम त्याच्या पोटातून पाळून राह्यलो. आत्याबाई असत्या त त्यायनंच डबा आनला असता. दारी आलेल्याले उपाशी पाह्यलं का त्यायनं कधी?"

"पन ठेवू कुठी? सुनबाईच्या घरी श्रावण हाये. आपल्या फ्रिजात देवाचं दूध हाये."

"साऱ्या जिल्ह्याच्या हद्दी पाडल्या तुमी," काकू म्हणाल्या. "एका फ्रिजची पाडता येत नाई?"

मला वाटलं काका भडकतील. आमच्या घरी कोणी असं बोललं असतं तर ताट भिरकावलं गेलं असतं. काका उठले, हातपाय धुतले, आत गेले आणि फ्रिजचं दार उघडून त्याच्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसले. गार हवा त्यांच्या गुडघ्यांवर येत होती. ते वरपासून खालपर्यंत एकेक खण पाहत होते. दार उघडं राहिलं की वीज जाते म्हणून एरवी बोलणाऱ्या काकूंनीच आज ते धरून ठेवलं.

"खालची भाजी काढ," काका शेवटी म्हणाले.

भाजीचा सगळ्यात खालचा खण रिकामा झाला. काकांनी मोजपट्टा काढून त्याच्या वरची काच मोजली, कशासाठी ते त्यांनाच ठाऊक, आणि काचेच्या कडेने लाल टेप चिकटवली. मग अंगणात जाऊन दोन छोटे दगड आणले, नळाखाली धुतले आणि खणाच्या दोन्ही कोपऱ्यांवर ठेवले. "दगड नसला त हद्द टिकत नाई," असं ते आम्हाला म्हणाले, की आईला, मला कळलं नाही. त्यांचे डोळे भरून आले होते.

मी जिन्याखालून डबा आणायला धावले. पटवाऱ्याने पडल्या पडल्याच खाल्लं. निम्मं जमिनीवर सांडलं, तेही चाटलं. ते झाल्यावर काका जेवायला बसले. आमच्या सासूबाईंनी भिंतीवरून सगळं पाहिलं होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "चांगलं केलं."

गल्लीत चार दिवस कुजबुज झाली. गिरदावराच्या घरी श्रावणात मांस आलं, हे सांगत फिरायला लोकांना आवडणारच. काकांच्या कानावर गेलं तसं त्यांनी एकेकाला बोलावून फ्रिज उघडून दाखवला. मौका दाखवला. आले तेवढे दगडांकडे पाहून मुकाट परत गेले, एकदोघांनी तर वाकून नमस्कारही केला. तो वरच्या खणातल्या देवाच्या दुधाला असावा.

काकू रोज तिळाच्या कोमट तेलाने पटवाऱ्याच्या मांड्या चोळायच्या. डॉक्टरीणबाईने साफ सांगितलं होतं की तो काही आता तरुण होणार नाही, पण जेवढा राहील तेवढा आपल्या पायांवर राहू शकेल. काकांनी तेवढ्यावर समाधान मानलं. पोळ्याच्या संध्याकाळी बैल गल्लीतून निघाले, झुली आणि घुंगरं लावलेले. पायरीवर बसलेला पटवारी कोणी न धरता उठला, गेटपर्यंत गेला आणि बैलांवर भुंकला. आवाज खरखरीत, फुटका. काका गर्दीत उभे होते. शेजारच्या अनोळखी माणसाला ते म्हणाले, "आमचे पटवारी हायेत."

दिवाळीनंतर माझी बदली हैदराबादला झाली. निघायच्या दिवशी सामानाची गाडी पुढे गेली, आणि मी निरोप घ्यायला भिंतीपलीकडे गेले. काका अंगणात उकिडवे बसले होते. रुमाल नव्हता, चमचा नव्हता. पटवाऱ्याच्या हिरड्या दुखायला लागल्या होत्या, चमचा टोचायचा, म्हणून काका डब्यातली कोंबडी बोटांनी बारीक कुस्करून एकेक घास त्याला भरवत होते. तो सावकाश खात होता आणि खाऊन झालं की बोटं चाटत होता. "खा साहेब, घाई नाई," काका म्हणत होते.

मी वाकून पाया पडले. काकांचा उजवा हात सवयीने वर आला आणि अधांतरी थांबला. त्याला सगळं लागलेलं होतं.

"थांब, सुनबाई. हात उष्टा हाये. धुऊन येतो."

काकू दारात होत्या. "द्या तसाच," त्या म्हणाल्या. "त्याच हातानं द्या."

काकांनी हाताकडे पाहिलं. मग तो हात माझ्या डोक्यावर ठेवला, पुरता, दाबून. "सुखी राह्य. जिथं जाशीन तिथं आधी डोळ्यानं पाह्य, मंग बोल," एवढं ते म्हणाले. मागून पटवारी पुढचा घास कुठे आहे ते नाकाने ढोसून विचारत होता, म्हणून ते लगेच वळले.

निर्मल गावाच्या पुढे कुठेतरी नवऱ्याने विचारलं, गाडीत कसला वास येतोय. मी म्हटलं, माझ्या केसांचा. त्याने काच खाली करायला हात नेला. मी म्हटलं, राहू दे.